अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच: लंडन-न्यूयॉर्क अंतर दोन्हीकडून सारखंच, मग जाताना आठ तास आणि येताना सातच का? बहुतेकांनी उत्तरही ठरवलेलं असतं, की पृथ्वी फिरते म्हणून. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. फरक पडतो तो वाऱ्याने.

हिशेब करून बघा. गोलावरून मोजलं तर या दोन शहरांतलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. जेट विमान हवेतून ताशी ९०० किमी जातं असं धरू. समोरून ताशी १५० किमीचा वारा असला, तर जमिनीवरून मोजलेला वेग उरतो ७५०, म्हणजे ७ तास २४ मिनिटं. तोच वारा पाठीशी असला, तर ५ तास १७ मिनिटं. पहिल्या खेपेला विमानाने ६,६६० किमी हवा कापली, दुसऱ्या खेपेला जेमतेम ४,७६०. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरावर, म्हणून माझ्या लेखी खरं अंतर हेच. तिकिटावरचा वेळ याहून जास्त दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात धरलेलं असतं.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. त्याला पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढ्यापुरता लोकांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. निष्कर्ष त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले आणि बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही, याची मला आजही हळहळ वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, ते याच वाऱ्याच्या जोरावर.

म्हणूनच जवळची वाट नेहमी लवकरची नसते. सिंगापूर-न्यूयॉर्क हे १५,३०० किमीहून लांबचं उड्डाण. तिथे त्या दिवशीचा वारा बघून मार्ग आखतात, कधी पॅसिफिकवरून, कधी अटलांटिकवरून. शिवाय आकाशालाही सरहद्दी आहेत. २०२२ मध्ये युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. दोन्ही शहरं मात्र जिथल्या तिथे.

तेव्हा कुठल्याही दोन शहरांमधला वेळ काढताना अंतराला ९०० ने भागून थांबू नका. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वेळापत्रकं बघा. तिकिटावर निघण्याची वेळ निघतो त्या शहरातली आणि पोचण्याची वेळ पोचतो त्या शहरातली छापलेली असते, तेव्हा आधी घड्याळातला फरक काढून टाका. आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे जाऊन पुढचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये एखादा तास जास्तच ठेवा.