पिशवी होती तोवर

क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या जुनाट आजाराच्या, त्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा टीबीच्या गोळ्या खाऊन सहा महिने झाले होते. लहान आतड्याच्या टोकाला व्रण दिसला की आपल्याकडे आधी टीबीच. दोन्ही दिसतात सारखेच, दोष तरी कुणाला द्यायचा? तोवर आतडं पार आवळलेलं. फूटभर तुकडा लहान-मोठ्या आतड्यांमधल्या झडपेसकट काढला, टोकं जोडली आणि जोड सुकावा म्हणून त्याच्या वरच्या बाजूचं आतडं पोटावर काढून स्टोमा केला, म्हणजे मळ तिथूनच बाहेर चिकटवलेल्या पिशवीत पडतो.

स्टोमाची जागा आदल्या दिवशी मीच आखली. बाईंना बसवून, वाकवून, परकराची नाडी कुठे येते ते बघून. सर्जनमंडळी पेशंट आडवा असतानाच फुली मारतात. मग पोटाच्या घडीत फ्लँज, म्हणजे पिशवीची चिकटणारी चकती, बसत नाही, पाणी झिरपतं आणि ‘सिस्टर, जरा बघा ना!’ लहान आतड्याचं पाणी कातडी सोलून काढतं. म्हणून चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोनेक मिलिमीटरच मोठं कापायचं, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. सहा महिन्यांत बाईंच्या पोटावर चट्टा उठला नाही, हे मी अजून मिरवते.

स्टोमा बंद करण्याआधी दुर्बीण घातली. जोड गुलाबी, स्वच्छ. बंद केल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा घातली, तर जोडाच्या अगदी वर बारीक व्रणांची रांग. बाईंना त्रास मात्र काहीच नव्हता.

डॉक्टरांनी समजावलं. जंतूंची खरी वस्ती मोठ्या आतड्यात, लहान आतड्यात त्यामानाने तुरळक. मधली झडप गेली की ते वर चढतात, आणि क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या रोजच्या बिऱ्हाडकरूंवरच तुटून पडते. वरून मळ येत नव्हता तोवर जोड शांत होता. बेल्जियममध्ये लूवेनच्या डॉक्टरांनी 1990च्या दशकात अशाच तीन पेशंटांच्या विसाव्यातल्या आतड्यात त्यांच्याच स्टोमाचं पाणी सोडून पाहिलं होतं. आठ दिवसांत सूज दिसू लागली. तेच पाणी मी सहा महिने कमोडमध्ये ओतायला शिकवत होते.

“मग ताई, पिशवीच बरी होती का?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे पिशवी कधी जाते याचीच वाट बघतात. डॉक्टर मान खाली घालून औषध लिहीत होते. आणि बाईंच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलंय, स्टोमा लवकर बंद करा, म्हणून डॉक्टरांच्या मागे मीच लागले होते.