आपटपेटी, सहावा अहवाल : चौदाव्या मिलिसेकंदाचे कोडे

उंचावरून पडून थांबताना शरीराला बसणारा धक्का समजून घेण्यासाठी मी संवेदक बसवलेली एक पेटी फोमवर सोडून पाहतो, तीच ही आपटपेटी. नवा संवेदक बसवला की सर्व आलेख स्वच्छ येतील, असे मागील अहवालात मी उतावीळपणे जाहीर केले होते. तीन आठवडे आणि एकेचाळीस आपटण्यांनंतर ते विधान मागे घेतो. मात्र दोष संवेदकाचा नव्हता, माझा होता.

आधी संवेदकाविषयी. जुन्या एमपीयू ६०५० या त्वरणमापक चिपची मर्यादा १६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतके त्वरण) असल्याने आलेखाचा माथा कापला जात असे, म्हणून २०० जी पर्यंत मोजणारा एडीएक्सएल ३७५ मागवला. पहिल्या विक्रेत्याने त्याच घराण्यातील ३४५ पाठवला. दोन्ही चिप आपली ओळख एकाच क्रमांकाने सांगतात, त्यामुळे प्रोग्रॅमला काहीच खटकले नाही. टेबलावर स्थिर ठेवल्यास ३७५ एका जी साठी २० च्या आसपास आकडा देतो आणि ३४५ साधारण २५६ देतो. पाकीट उघडल्याबरोबर ही चाचणी घ्यावी, परत पाठवण्याची मुदत संपल्यावर नव्हे. चिपकडून आकडे वाचण्याच्या दोन पद्धतींपैकी जोडणी एसपीआय ठेवली, कारण दुसरीवर, आय-टू-सी वर, सेकंदाला ८०० च्या पुढे नोंदी नीट मिळत नाहीत आणि मला ३२०० हव्या होत्या. नोंदी आता आधी मेमरीत साठतात आणि पेटी थांबल्यावरच कार्डावर उतरतात. ६ मीटरवरून सोडल्यावर भारहीनतेचा काळ १.११ सेकंद आला, म्हणजे सूत्र देते तेवढाच, तेव्हा त्या संध्याकाळी मी दुसरे काहीही केले नाही. नुसता तो सपाट आलेख पाहत बसलो.

आता मुख्य दुखणे. ६ मीटरवरून येणारी ४ किलोची पेटी ३० सेंटिमीटर जाडीच्या फोममध्ये सुमारे २० सेंटिमीटर रुतते. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की सरासरी ३० जी मिळतात, आणि फोम स्प्रिंगसारखा वागतो असे मानले तर कळस त्याच्या दुप्पट, ६० जी, यायला हवा. माझ्या आलेखात मात्र चढण व्यवस्थित सुरू होऊन, फोमला टेकल्यापासून चौदाव्या मिलिसेकंदाला एक सुळका थेट २०० जी ला जाऊन कापला जात होता.

पेटी फोम पुरता चेपून जमिनीला टेकत असावी, हा पहिला संशय. पण तसे असते तर सुळका थांबण्याच्या शेवटी, म्हणजे २९ मिलिसेकंदांच्या आसपास, आला असता. मग दुहेरी चिकटपट्टी काढून संवेदक स्क्रूने आवळला, तारांचे सोल्डरचे डाग नव्याने दिले, फोमची दिशा उलटली. सुळका जागचा हलला नाही. शेवटी उंची निम्मी केली, तेव्हा तो नाहीसा न होता सोळाव्या मिलिसेकंदाकडे सरकला. धडक जितकी मंद तितका तो उशिरा येतो, याचा अर्थ पेटीच्या आत काहीतरी प्रवास करून मग आपटत होते.

पेटी हलवून पाहिली तर आत काहीच वाजत नव्हते, आणि तिथेच मी फसत आलो होतो. वजन भरण्यासाठी घातलेली सव्वा किलोची लोखंडी चकती मी, संवेदकाला हादरे बसू नयेत म्हणून, २० मिलिमीटर जाडीच्या स्पंजवर ठेवली होती. आतील भिंतीला आलेखाचा कागद चिकटवून चकतीच्या कडेला काजळ लावले आणि पेटी पुन्हा सोडली. कागदावर १५ मिलिमीटरची काळी रेघ उमटली : विश्रांतीच्या जागेपासून ८ वर आणि ७ खाली. भारहीन होताच स्पंज पूर्ण फुगून चकतीला वर उचलत होता. पेटी फोममध्ये मंदावू लागली तरी चकती आपल्याच वेगाने येत राहायची आणि स्पंज पुरता चेपून तळावर आदळायची. स्पंजचा विरोध सोडून देऊन १५ मिलिमीटरसाठी गणित केले, तर धडकेचा क्षण १४ मिलिसेकंद आणि सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर निघाला. चकती बोल्टने आवळल्यावर कळस ५८ जी आला आणि आलेखाखालील क्षेत्रफळ, म्हणजे थांबताना पेटीने गमावलेला वेग, सेकंदाला १०.७ मीटर भरले, अपेक्षा १०.८ ची होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा दोष सोन्यासारखा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतील हॉलोमन हवाई तळावर हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी रॉकेटच्या गाडीवर ताशी १,००० किलोमीटरहून अधिक वेगावरून १.४ सेकंदांत थांबताना ४६.२ जी सोसले, तेव्हा त्यांचे शरीर आसनाला घट्ट जखडलेले होते. पण शरीराच्या आतल्या अवयवांना कोणताही पट्टा आवळता येत नाही. छाती थांबते, हृदय पुढे जात राहते, आणि महाधमनी फाटते ती याच फरकामुळे. माझ्या पेटीला चुकून हृदय मिळाले होते आणि मी तीन आठवडे ते काढून टाकण्याच्या मागे होतो!

त्यामुळे पेटी तिसऱ्या मजल्यावरून सोडण्याचा बेत रद्द. तसेही उंचीचा मोह फारसा कामाचा नाही. हवेतून पडताना माणसाचा वेग ज्यापुढे वाढत नाही तो अंतिम वेग सेकंदाला सुमारे ५४ मीटर, म्हणजे हवेविना १५० मीटर पडण्याइतकाच. २०१६ मध्ये अमेरिकन स्कायडायव्हर ल्यूक ऐकिन्स ७,६२० मीटरवरून पॅराशूटविना उडी मारून जाळ्यात उतरले, तेव्हा जाळ्याला तेवढाच वेग गिळायचा होता. पुढील फेरीसाठी पुठ्ठ्याची खोकी रचायची, एवढेच ठरले होते, कारण चुरगळणारा पुठ्ठा जवळजवळ एकसारख्या बळाने रोखतो आणि तेवढ्याच अंतरात कळस निम्म्यावर आणू शकतो. पण हे लिहितानाच सुचले की चकती पुन्हा सैल करावी, या वेळी मोजलेल्या स्प्रिंगवर, आणि तिच्यावर दुसरा संवेदक बसवावा. घरात पडून असलेला ३४५ त्यासाठी उपयोगाचा नाही, तो १६ जी लाच मान टाकेल. तेव्हा आणखी एक ३७५ मागवला आहे, अर्थातच दुसऱ्या विक्रेत्याकडून. तो येईपर्यंत खोकी गोळा करतो.