लाइटनिंगला छोटी पुली लावायच्या आधी

फोर्डची एसव्हीटी (कंपनीचा वेगवान गाड्यांचा विभाग) एफ-150 लाइटनिंग पिकअप, म्हणजे 1999 ते 2004 मधली दुसरी पिढी, सेकंडहँड घेतली की पहिला खर्च ठरलेला असतो: ब्लोअरला (इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर) छोटी पुली, म्हणजे तो जास्त वेगाने फिरतो, आणि सोबत इंजिनचं ट्यूनिंग बदलणारी चिप. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, 8 पीएसआयवरून 12 वर जातो, ताकद मोजणाऱ्या डायनोच्या कागदावर झकास आकडा येतो आणि स्ट्रिपवर, म्हणजे ड्रॅग रेसच्या सरळ पाव मैलाच्या ट्रॅकवर, वेळ मात्र सेकंदाच्या जेमतेम एक-दोन दशांशांनी खाली येते. उन्हाळ्यात तर तेवढीही नाही. याला आधी कळस मग पाया म्हणतात. या ट्रकमध्ये ताकदीची कमी नाही. ती रस्त्यावर नीट उतरत नाही आणि तिसऱ्या रनपर्यंत टिकत नाही, दुखणं हे आहे.

मूळ ट्रक काय आहे ते आधी बघू. 5.4 लिटरचं ट्रायटन व्ही8, लोखंडी ब्लॉक, सिलिंडरमागे 2 व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन 8.4:1. वर ईटनचा एम112 रूट्स ब्लोअर आणि दाबलेली हवा गार करणारा, पाण्याने थंड होणारा इंटरकूलर. 1999-2000 च्या ट्रकना 360 अश्वशक्ती आणि मागच्या अ‍ॅक्सलला 3.55 चा गिअर. 2001 पासून 380 आणि 3.73. गिअरबॉक्स सगळ्यांना 4आर100 ऑटोमॅटिक. चालकासकट वजन साधारण 4,850 पौंड, म्हणजे 2,200 किलो.

आता एक जुनं, खडबडीत पण उपयोगी सूत्र. वजनाला (पौंडांत) अश्वशक्तीने भागायचं, घनमूळ काढायचं आणि 5.825 ने गुणायचं. पाव मैलाची वेळ मिळते. 4,850 भागिले 380 केलं तर उत्तर 13.6 सेकंद येतं. शेवटच्या वेगासाठी उलटं करायचं: अश्वशक्ती भागिले वजन, घनमूळ, गुणिले 234. इथे ताशी 100 मैल, म्हणजे 161 किमी. आता तुमची टाइम स्लिप (स्ट्रिपवर रननंतर मिळणारा वेळांचा कागद) शेजारी ठेवा. ट्रॅप स्पीड (शेवटच्या रेषेवरचा वेग) 100 च्या आसपास आणि वेळ 14.2 असेल तर इंजिन आपलं काम चोख करतंय. वेळ पहिल्या काही मीटरमध्ये वाया जाते आहे. ट्रॅप स्पीडच 96 वर अडकला असेल तर मात्र बॉनेट उघडायचं. ट्रॅप स्पीड ताकद सांगतो आणि पहिल्या 60 फुटांची वेळ पकड सांगते. हे दोन आकडे वेगवेगळे वाचायला शिकलात तर निम्मी फालतू खरेदी टळेल. (रिअ‍ॅक्शन टाइमचा, म्हणजे हिरवा दिवा लागल्यापासून हलेपर्यंतच्या वेळेचा, यात काही संबंध नाही. घड्याळ चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशाच्या बीममधून सुटल्यावर सुरू होतं.)

मूळचे 295/45 आर18 रस्त्याचे टायर असताना 60 फूट 2.1 ते 2.2 सेकंदांत होतात. चांगल्या ड्रॅग रेडियलवर (ड्रॅग रेससाठीचे मऊ रबराचे टायर) 1.9 च्या खाली जाता येतं. 60 फुटांत वाचलेला एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो. म्हणजे नुसत्या मागच्या दोन टायरांनी चार-पाच दशांश. पुलीने तेवढे मिळवायला किती ताकद लागेल? सूत्रात घालून बघा: 13.6 चे 13.1 करायला 380 ची 425 व्हायला हवी.

ड्रॅग रेडियलमध्ये हवा 20 पीएसआयपासून सुरू करा. ट्रक जड आहे, त्यामुळे हलक्या मस्टँगवाल्यांचे 15-16 चे आकडे इथे चालत नाहीत. साइडवॉल दुमडते आणि ट्रॅप लाइनला शेपूट हलायला लागतं. प्रत्येक रनला 1 पीएसआय बदला आणि बर्नआउटनंतर (टायर जागच्या जागी फिरवून तापवल्यावर) टायरने जमिनीवर सोडलेला पट्टा बघा. मधोमध जास्त काळा असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा काळ्या असतील तर कमी. रस्त्याच्या टायरवर असाल तर बर्नआउटसाठी ठेवलेल्या पाण्याच्या खड्ड्याला वळसा घालून जा. खाचांमध्ये भरलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर गळतं आणि मागचे लोक शिव्या घालतात.

टायरने पकड धरली की पुढची कटकट समोर येते: मागचे लीफ स्प्रिंग. अ‍ॅक्सल पिळला जातो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात, आणि अख्खा ट्रक मागून धडधडतो. हे व्हील हॉप. यात अ‍ॅक्सल, युनिव्हर्सल जॉइंट आणि डिफरन्शियल तिन्हींची वाट लागते. हॉप सुरू झाला की थ्रॉटल लगेच सोडायचा, रेटायचं नाही. इलाज म्हणजे ट्रॅक्शन बार, अ‍ॅक्सलला पिळू न देणारी दांडी. बारचं पुढचं टोक चासीला पक्कं हवं; पाट्याला नुसते रबरी ठोकळे लावून एवढ्या टॉर्कपुढे भागत नाही. पुढच्या स्वे बारची (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) एक लिंक स्ट्रिपपुरती सोडली तर नाक उचलतं आणि वजन मागे सरकतं, पण घरी निघण्याआधी ती परत जोडायचीच.

वजन कमी करताना पिकअपचा स्वभाव लक्षात ठेवा: मागची पेटी रिकामी, सगळं ओझं पुढे. सूत्राप्रमाणे 100 किलो कमी झाले की साधारण दोन दशांश मिळतात. पण टेलगेट आणि खालचा स्पेअर काढलात तर गेलेलं वजन नेमकं मागच्या चाकांवरचं असतं. रस्त्याचे टायर असतील तर ते राहू द्या. ड्रॅग रेडियल असतील तर काढा. टाकी सुमारे 95 लिटरची आहे. पाव टाकीच्या खाली जाऊ नका, कारण लाँचला, म्हणजे सुटताना, पेट्रोल मागे धावतं, पंप क्षणभर हवा ओढतो आणि बूस्टखाली मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त). पिस्टनला तेवढा क्षण पुरतो.

आता उष्णता, कारण खरी गंमत इथे आहे. रूट्स ब्लोअर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब मॅनिफोल्डमध्ये तयार होतो. म्हणून बूस्ट लगेच मिळतो आणि हवाही भरपूर तापते. वेग वाढवाल तशी आणखी तापते. न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना एकेकाळी इंग्लिशटाऊनची स्ट्रिप जवळ होती. तिथलं ड्रॅग रेसिंग 2018 मध्ये बंद झालं. आता पेनसिल्व्हेनियातल्या मेपल ग्रोव्हपर्यंत हायवेने चालवत नेलेला ट्रक तापलेलाच पोचतो. पहिल्या रनआधी 45 मिनिटं बॉनेट उघडं ठेवा. इंटरकूलरच्या पंपाला वेगळा स्विच बसवून घ्या, म्हणजे इंजिन बंद असतानाही पाणी फिरत राहील.

पंप खरंच चालतो का, हे आधी तपासा. इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पाणी हलताना दिसतंय का बघायचं. नुसता आवाज येतोय म्हणून खूश होऊ नका. आत हवा अडकली असेल तर पंप गुरगुरतो आणि पाणी जागचं हलत नाही. मग पेटीत वेगळी टाकी बसवून त्यात बर्फ. हिशोब सोपा आहे. 1 किलो पाणी 10 अंशांनी तापायला 42 किलोज्यूल लागतात. 1 किलो बर्फ नुसता वितळायलाच 334. एका रनमध्ये हवेतून काढायची उष्णता ढोबळमानाने 200 ते 300 किलोज्यूल असते, म्हणजे रनमागे किलोभर बर्फ. तापलेला इंटरकूलर आणि पाइप थंड करायला अजून तेवढाच धरा. 5 किलोची पिशवी दोन रनना पुरते. स्ट्रिपसाठी नुसतं पाणी भरा. कूलंट सांडला तर ट्रॅक निसरडा होतो आणि सगळ्यांचा खोळंबा. अमेरिकेतल्या थंडीत मात्र डिसेंबरआधी पाणी काढून कूलंट भरायला विसरू नका, नाहीतर इंटरकूलर फुटेल.

मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर बदलून 4.10 चा लावायचा मोह पुष्कळांना होतो. 295/45 आर18 टायरचा व्यास 723 मिमी. गिअरबॉक्सचा तिसरा गिअर 1:1 आहे, म्हणून 3.73 वर ताशी 177 किमीला इंजिन साधारण 4,850 आरपीएमवर असतं, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्समधला द्रवाचा दुवा) घसरण वेगळी. 4.10 लावले तर 5,330. म्हणजे शेवटच्या रेषेच्या जरा आधीच इंजिनचा दम संपतो. ताशी 165 च्या आत पोचणाऱ्या ट्रकला 4.10 चालतात, त्यापुढे 3.73 च ठेवा. त्याच पैशांत 2,800 आरपीएमच्या आसपास स्टॉल (ब्रेक धरून इंजिन जेवढं चढवता येतं तो वेग) असलेला कन्व्हर्टर जास्त उपयोगी. त्यासोबत मोठा ट्रान्समिशन कूलर हवाच.

एवढं झाल्यावर पुली. आधी दोन्ही पुल्यांचा व्यास मोजा. क्रँकची पुली भागिले ब्लोअरची पुली, गुणिले इंजिनचा वेग, हा झाला ब्लोअरचा वेग. एम112 ची मर्यादा 14,000 आरपीएम. 5,300 आरपीएमला गिअर बदलत असाल तर गुणोत्तर 2.64 च्या वर जाता कामा नये. त्यापुढे बूस्टचा काटा वाढतो, पण बरीचशी वाढ नुसत्या गरम हवेची असते.

मग इंधन. मूळचे इंजेक्टर ताशी 42 पौंडांचे. आठांचे 336, त्यातले 85 टक्के वापरायचे म्हणजे 285. सुपरचार्ज्ड इंजिनाला अश्वशक्तीमागे ताशी 0.6 पौंड धरा. म्हणजे क्रँकवर 475 अश्वशक्तीला ते हात टेकतात. त्याच्या पुढे इंजेक्टर, पंप आणि मास एअर मीटर (आत येणारी हवा मोजणारा) तिन्ही बदलावे लागतात. आणि चाकांवर 450 अश्वशक्तीच्या आसपास मूळचे कनेक्टिंग रॉड दगा देऊ लागतात. ट्यून वाइडबँडशिवाय (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) करू नका. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण 11.5 ते 11.8 च्या दरम्यान. पंपावर 93 ऑक्टेन लिहिलेलं अमेरिकन पेट्रोल म्हणजे भारतीय मोजणीचं 93 नव्हे. मोजण्याची पद्धत निराळी आहे, आपल्या आरओएन पद्धतीने ते 98 च्या आसपास जातं.

स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या, गॅप 0.9 मिमी. या हेडमध्ये प्लगला धरायला जेमतेम चार आटे आहेत, त्यामुळे ढिला प्लग बूस्टखाली कॉइलसकट बाहेर उडतो. (नंतरच्या 3 व्हॉल्व्हच्या ट्रायटनमध्ये उलटं: प्लग निघतच नाही, आतच तुटतो.) इंजिन थंड असताना, प्लगच्या खळग्यातली माती हवेने उडवून मगच प्लग काढा, टॉर्क रेंचनेच घट्ट करा आणि दर काही रननंतर पुन्हा तपासा.

छोट्या पुलीवर पट्ट्याचा वेढा कमी बसतो. बूस्ट 11 वर जाऊन 4,500 नंतर 9 वर घसरत असेल आणि पुलीभोवती काळी पूड दिसत असेल तर पट्टा सरकतोय. आयडलर (पट्ट्याला दिशा देणारी मोकळी पुली) जवळ आणून वेढा वाढवा. पूड नसेल तर बायपास व्हॉल्व्ह (बूस्ट नको तेव्हा हवा परत फिरवणारा) पूर्ण मिटतो का ते बघा. त्याच्या अ‍ॅक्चुएटरची रबरी नळी जुन्या ट्रकमध्ये हमखास चिरलेली असते.

एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) नियमाने 13.99 किंवा त्याहून कमी वेळेला हेल्मेट लागतं, 11.49 पासून रोल बार (गाडी उलटली तर वाचवणारी पाइपची चौकट). रेडिएटरच्या ओव्हरफ्लोला डबा हवा, तपासणीत आधी तोच बघतात.