दाखल्यावर आई म्हणून नाव कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आमची लेक सरोगसीने झाली हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग जन्मदाखल्यावर आई म्हणून नाव कुणाचं लागलं? माझं लागलं, आणि बाप म्हणून नवऱ्याचं.

माझी पिशवी आजारपणात काढावी लागली होती. बीज आमच्या दोघांचं, आणि नऊ महिने पोटात वाढवलं माझ्या नणंदेने, ताईंनी. 2021 च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद आहे, सरोगेटचं, म्हणजे मूल पोटात वाढवणाऱ्या बाईचं, लग्न झालेलं हवं, तिला स्वतःचं मूल असायला हवं, वय 25 ते 35, आणि आयुष्यात एकदाच. ताईंना तेव्हा 34 चालू होतं त्यामुळे आमचा जीव सारखा टांगणीला.

लोकांना वाटतं दाखल्याचं काम बाळ झाल्यावर असतं. नाही हो, ते गर्भ ठेवायच्याही आधी सुरू होतं. आम्ही दोघं आणि ताई, तिघांनी मिळून फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात अर्ज केला, आईबाप कोण आणि ताबा कुणाकडे याची ऑर्डर निघाली, बाळ झालं की तीच ऑर्डर जन्माचं ॲफिडेव्हिट धरतात असं कायद्यातच आहे. दत्तकबित्तक काही घ्यावं लागत नाही. ताईंचा 36 महिन्यांचा विमा काढावा लागला आणि ते अगदी बरोबर आहे, बाळंतपणाचे त्रास काय सव्वा महिन्यात संपतात?

आता आमचं चुकलं ते सांगते. हॉस्पिटलात ॲडमिट ताई, केसपेपर ताईंचा, बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' पुढे ताईंचंच नाव. जन्म 21 दिवसांत हॉस्पिटलनेच कळवायचा असतो, तिथे नेहमीसारखा फॉर्म भरला गेला आणि आईच्या रकान्यात ताईंचं नाव जाऊन बसलं, कारण ऑर्डर फायलीत आणि फाइल घरी कपाटात. तुम्ही ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी ॲडमिट करतानाच द्या, आणि फॉर्म मनपाकडे जायच्या आधी स्वतः वाचा, प्लीज.

दुरुस्ती झाली. अर्ज, ऑर्डर, आधार कार्डं, ताईंची सही, चार चकरा. तेव्हा कळलं की रजिस्टरमधली मूळ नोंद खोडत नाहीत, तिला हात न लावता बाजूला समासात दुरुस्ती लिहितात. म्हणजे दाखल्यावर मी, आणि आत त्या रजिस्टरात ताईंचं नाव जसंच्या तसं. नवरा म्हणाला, राहिलंच की ते चुकीचं. मला नाही वाटलं चुकीचं. सुजलेले पाय घेऊन त्या रात्र रात्र बसून असायच्या, मी बघितलंय, आणि ज्यांनी हे सगळं केलं त्यांचं नाव कुठल्या तरी सरकारी कागदावर आहे याचं मला बरंच वाटतं.

बाळाचं नाव मागाहून घालता येतं, वर्षाच्या आत फीसुद्धा नाही, म्हणून तो रकाना आम्ही रिकामाच ठेवला होता. बारशाला मान आत्याचा. ताईंनी पाळण्यात वाकून लेकीच्या कानात कुर्रर्र केलं, आणि सोमवारी तेच नाव लिहून मी मनपात गेले.