एवढं बोलता तरी काय?

मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारी आम्ही माणसं एकदा फोनवर लागलो की तासभराची निश्चिंती. घरचे, शेजारी, नव्याने ओळख झालेले, सगळे कधी ना कधी विचारतातच: सापडतं ते एखादं काळवंडलेलं नाणं, त्यावर एवढं बोलता तरी काय? आणि मग जरा आवाज उतरवून, ‘सोनंबिनं...?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सोन्याचं आधी उरकते. डिटेक्टरला सोनं ओळखता येत नाही. यंत्राच्या दांडीच्या टोकाशी असलेली चकती, म्हणजे कॉइल, जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे खालच्या धातूत बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचं उत्तर किती मागाहून आलं यावरून यंत्र एक आकडा दाखवतं. चांदी-तांब्यातून वीज सहज वाहते, म्हणून त्यांचा आकडा वरचा. लोखंडी खिळ्याचा अगदी खालचा. सोन्याची नाजूक अंगठी येते मधे, नेमकी तिथे, जिथे फॉइलचे बोळे आणि पेयांच्या कॅनच्या कड्या आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात. ज्याला सोनं हवं त्याने कड्या उकरायची तयारी ठेवावी. कड्या आमच्याकडे भरपूर आहेत.

तर बोलणं. सुरुवात नाण्यानेच होते, पण नाणं कोणत्या राजाचं हा प्रश्न पुढचा. पहिला प्रश्न, ‘यंत्राचा आवाज कसा होता?’ एका दिशेने कॉइल फिरवली तर गोड आणि काटकोनात वळून फिरवली तर चिरका, तर बहुधा गंजकं लोखंड. दोन्हीकडून तसाच, आखूड आणि स्वच्छ आला तर खुरपं काढायचं. त्यातही उभं रुतलेलं नाणं फसवतं, कारण कॉइलसमोर त्याची नुसती कड येते. शेजारी खिळा असला तर तो नाण्याचा आवाज गिळून टाकतो. यावर दोन शहाणी माणसं किती वेळ वाद घालू शकतात, ते आमच्या घरच्यांना विचारा.

मग नाणं निघालं कसं, याचं वर्णन. ढेकूळ फुटतं आणि आत हिरवट कड दिसते, नखाच्या चंद्राएवढी. अंगठा आपोआप पुढे सरसावतो. तो आवरायचा असतो. मातीत रेतीचे कण असतात, अंगठा एकदा फिरला की ओरखडे कायमचे. तांब्याच्या जुन्या नाण्यावर हिरवा-तपकिरी थर चढतो आणि पुष्कळदा अक्षरं त्या थरातच तगलेली असतात. चकाकी आणायला थर घासला, की अक्षरंही गेली. म्हणून डिस्टिल्ड पाणी, सबुरी आणि बाजूने तिरका धरलेला टॉर्च. तिरक्या उजेडात सपाट तबकडीवर आधी एक कान वर येतो, मग मानेवरची केसांची गाठ, मग काठाला दोन अक्षरं. ती अक्षरं एकाला एक दिसतात, दुसऱ्याला भलतीच.

इथेच गाडी रूळ बदलते. ‘तुला नीट दिसत नाहीये, चष्म्याचा नंबर तपास.’ चष्म्यावरून मोतीबिंदू, त्यावरून आईचं ऑपरेशन, त्यावरून रजा मिळाली का. सतत उकिडवं बसून गुडघे धरलेले असतात, त्यामुळे गुडघ्यांवर स्वतंत्र सत्र होतं. जुन्या नाण्यांची तारीखही आम्ही घरातल्या घडामोडींवरून लावतो. नाणं पाडलं कधी ते पुस्तकात मिळेल. सापडलं कधी, तर धाकटीची परीक्षा चालू होती तेव्हा. मला यात नवल वाटत नाही. हा छंद म्हणजे कानाला हेडफोन लावून एकट्याने केलेली येरझार. तेवढा वेळ तोंड बंद राहिलेला माणूस नंतर कुठेतरी बोलणारच, आणि बहुतेक वेळा सांगण्यासारखं नाणं सापडलेलंच नसतं. मग उरतं घरचं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: जागा. रक्तातली साखर सांगतील, मुलाची फसलेली मुलाखत सांगतील, शेत कोणाचं ते विचारलं की लगेच हवापाणी. हे मला थोडं कद्रूपणाचं वाटतं, पण जागा मीही सांगत नाही.

गाजलेल्या सापडींपैकी आमच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा गोष्ट निघते ती इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या हॉक्सनची. नोव्हेंबर १९९२. एरिक लॉज हा माणूस ओळखीच्या शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातला ठेवा लागला: सोन्या-चांदीची जवळपास १५ हजार नाणी, शिवाय चमचे आणि दागिने. बाहेरच्यांना त्यातले १५ हजार आठवतात. आमच्यात बोलणं होतं ते तो थांबला याबद्दल. थोडं उकरल्यावर त्याने हात आखडला, खबर दिली आणि पुढचं पुरातत्त्वाच्या लोकांनी काढलं. म्हणून तर वस्तू लाकडी पेटीत कशा रचल्या होत्या ते कळू शकलं. हातोडाही सापडला बरं का. तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

थांबणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून कायदे आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट १४ दिवसांत कळवायला सांगतो. भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. संरक्षित स्मारकांच्या आसपास यंत्र नेऊच नये. जमीन दुसऱ्याची असेल तर आधी परवानगी, आणि खड्डा बुजवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. बुजवलेला खड्डा ओळखू आला तर तो नीट बुजवलेला नाही, या मताची मी आहे.

एवढं सांगून झालं की विचारणारा हमखास म्हणतो, ‘आमची एक अंगठी हरवली आहे हो.’ मग आमचे प्रश्न सुरू होतात. कुठल्या बोटातली? हात ओला होता का? काही फेकत होतात का, की गवत उपटत होतात? उभे कुठे होतात ते दाखवता येईल? आणि अंगठी सोन्याची असेल, तर त्या जागेवरच्या कॅनच्या सगळ्या कड्या आधी निघतील, तेवढा वेळ आहे ना तुमच्याकडे?