डिझेल टॅक्सी सोडून इलेक्ट्रिक घेतली, आणि अडलो कुठे तर घराच्या अर्थिंगवर

पेडण्यात टॅक्सी चालवतो. आधी डिझेल होती, मोपा विमानतळ सुरू झाल्यावर भाडी वाढली आणि तेवढाच पंपावरचा खर्चही, म्हणून शेवटी इलेक्ट्रिक घेतली. कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही, बॅटरीच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, परमिटमधून सूट २०१८ पासूनच आहे, कर्ज झालं, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे आले (खाजगी असती तर पांढरे), झालं.

खरी मजा घरी. गाडी आणली, पडवीत १५ अँपियरच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल लाईट. काढला, परत लावला, परत लाल. मला वाटलं गाडीच बिघडलेली दिली. इलेक्ट्रिशियन आला, मीटर लावून बघितलं आणि हसायला लागला, म्हणाला, "भाई, तुमचं अर्थिंग नावालाच आहे, चार्जर शहाणा म्हणून सुरू होत नाही." आमचं घर चिऱ्याचं, खाली सगळा जांभा, आणि मे महिन्यात जांभा एवढा कोरडा असतो की त्यात करंट उतरतच नाही. आजोबांच्या वेळची वायरिंग वर. मग मागच्या दारी नवीन खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ, सॉकेटपर्यंत जाड वायर वेगळी ओढली, लोड वाढवून घेतला. तीन आठवडे गेले त्यात, तोपर्यंत नवीन गाडी झाकून ठेवलेली आणि शेजारचे काका रोज विचारणार, "काय रे, अजून उपास सुटला नाही का तिचा?"

आता रात्री ९ ला लावतो, सकाळी फुल. धारगळ, म्हापसा, पणजी, दाबोळी, नवीन झुवारी पुलावरून जाऊन येऊन काही टेन्शन नाही.

टेन्शन आलं कोल्हापूरच्या भाड्याला. महालक्ष्मीला जाणारं कुटुंब, चौघं आणि बॅगा. सावंतवाडीपर्यंत मस्त, मग आंबोली घाट चढताना १९ टक्के बॅटरी गेली, मागून आजी विचारतायत एसी का बंद केलास. ॲपवर दिसलेल्या चार्जरपाशी पोचलो तर स्क्रीन काळी, वॉचमन म्हणतो दोन दिवस झाले. निपाणीजवळ दुसरा मिळाला, पाऊण तास थांबलो, सगळ्यांची मिसळ झाली. येताना घाट उतरताना मात्र पाय काढला की गाडी स्वतःच धरून राहते आणि वर ४ टक्के परत देते, ब्रेकला हातपण लावायला नको. हा प्रकार मला अजून गंमतीचा वाटतो.

कार्बन शून्य वगैरे काही नाही हां. आपली बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, त्यात कोळशाची जास्त. मी हिशोब केला: जुनी गाडी लिटरला १५ द्यायची, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १०० किलोमीटरला साधारण १८ किलो. आता तेवढ्याला १६ युनिट लागतात, युनिटमागे ०.७ किलो धरले तरी ११ च्या आसपास. सात किलो वाचले, तेही कोळशावर चालून. छपरावर सोलार बसला की बघू, आधी हप्ते फिटू देत.

सध्या रोज संध्याकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. एवढं पाणी फुकट जातंय म्हणून आईने बाजूला अळू लावलंय, जोरात आलंय.