तुम्ही विचारलंत म्हणून: प्रयोग कधी करता?

“फिजिक्सचा मास्तर म्हणवतोस आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून काय करालायस? प्रयोग कधी करतोस?” खानापूरला गेलो की मामा हे विचारतात. बेळगावात कॉलेजची पोरं विचारतात. परवा टिळकवाडीतल्या एका लग्नात शेजारच्या पानावरच्या गृहस्थांनीही विचारलं. पंगतीत उत्तर अर्धंच राहिलं, वाढपी काही थांबत नव्हते. म्हणून इथं सांगतो.

माझा प्रयोग कॉम्प्युटरमध्येच चालतो. कसा, याचं उत्तर अनीसुर रहमान या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावापासून सुरू होतं. जन्म १९२७, हैदराबाद. केंब्रिजला शिकले, बेल्जियममध्ये डॉक्टरेट केली, भारतात काही वर्षं शिकवलं आणि १९६० मध्ये शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तिथं त्यांनी काम केलं तेही आर्गॉन वायूच्या द्रवरूपावरच. (नावांचा निव्वळ योगायोग. इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं.)

१९६४ साली त्यांनी कॉम्प्युटरमधल्या काल्पनिक डब्यात ८६४ अणू घेतले. लांबून एकमेकांना ओढणारे, फार जवळ आले की ढकलणारे. ८६४ अणूंच्या जोड्या होतात ३,७२,८१६. फार लांबच्या सोडल्या तरी उरलेल्यांचं बल काढायचं, प्रत्येक अणू किंचित सरकवायचा, की पुन्हा पहिल्यापासून हिशेब. ‘किंचित’ म्हणजे किती वेळ? सेकंदाचे एक कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी. तेवढा.

डब्याला भिंती ठेवल्या तर कडेचे अणू भिंतीच्याच नादी लागतात. म्हणून भिंतीच नाहीत. उजवीकडून बाहेर गेलेला अणू त्याच क्षणी, त्याच वेगानं डावीकडून आत. वर्गात मी सांगतो, शिनोळीपाशी बेळगाव जिल्ह्याची पश्चिमेची हद्द ओलांडून चंदगडकडे निघालेली बस तत्क्षणी पूर्वेला सौंदत्तीपलीकडून जिल्ह्यात शिरली असं समजा. तोंड पश्चिमेलाच, वेग तोच, जिल्ह्यातल्या बस तेवढ्याच. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “सर, मग बसवरचा बोर्ड कुठल्या भाषेत?” तो प्रश्न रहमान यांनी सोडवलेला नाही.

अणू किती भटकतात याचा त्यांचा आकडा प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशी जुळला. मला जास्त मोह पडतो तो दुसऱ्या गोष्टीचा. द्रवातला अणू पुढं निघतो, शेजाऱ्यांवर आदळतो आणि सरासरीनं थोडा मागंच फेकला जातो. यल्लम्माच्या जत्रेत ज्यानं पुढं पाऊल टाकलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. पण एकेका अणूचा असा माग काढून देणारा सूक्ष्मदर्शक कुठं होता? दिसलं ते हिशेबात.

पुढं १९७१ मध्ये स्टिलिंजर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पाणी घेतलं, २१६ रेणू. १९८० च्या सुमारास पारिनेल्लो यांच्या साथीनं डब्यालाच आकार बदलायची मुभा दिली. १९८७ मध्ये ते गेले. संगणकीय भौतिकीचा अमेरिकेतला एक मानाचा पुरस्कार त्यांच्या नावानं आहे.

एमएस्सीला असताना मी हाच आर्गॉन चालवून बघितला. लवकर उरकावं म्हणून वेळेचं पाऊल, म्हणजे तो ‘किंचित’ वेळ, दहापट मोठं घेतलं आणि झोपलो. एकूण ऊर्जेचा रकाना जवळपास स्थिर राहायला हवा. सकाळी बघतो तर आकडे चढत चढत कागदाबाहेर गेलेले, शेवटच्या पानावर नुसता कचरा. अणू एका उडीत एकमेकांच्या अंगावर जाऊन पडत होते आणि तोफेच्या गोळ्यासारखे उडत होते. दोन दिवस वाटत राहिलं की सूत्र चुकलंय. सूत्र बरोबर होतं, घाई माझी होती. परीक्षानळी फुटली असती तर निदान आवाज तरी झाला असता.

एवढं सगळं मामांना भाताच्या खाचराच्या बांधावर बसून सांगितलं. ते पाण्यापाशी अडले.

“दोनशे सोळाच? आणि एका थेंबात किती असतात?”

“आकडा लिहायला बावीस अंक लागतात.”

मामांनी खाचराकडं बघितलं. “मग बस बाबा कॉम्प्युटरपुढं,” म्हणाले, “बरंच राहिलंय.”